चार मिनिटांचा कोल्हा

सगळ्या आयुष्यात मी एकदाच मनापासून खरं बोललो, आणि नेमकं तेच कोणाला पटलं नाही. ते कसं, हे सांगतो. आधी गॅसवर काही ठेवलं असेल तर बंद करून या.

विक्रोळीच्या हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर, आमचं आणि धोंडिरामचं दार समोरासमोर आहे. इतकं समोरासमोर, की आमच्याकडे फोडणी पडली की शिंक त्याला येते. आम्ही दोघांनी एकाच कारखान्यात, एकाच प्रेस शॉपमध्ये छत्तीस वर्षं पत्रे दाबले. तो जालन्याकडचा, मी मालवणचा. तो बोलायचा नाही, मी थांबायचो नाही, म्हणून जमलं. शकुवहिनी गेल्या तेव्हापासून तो एकटा राहतो. मुलगा सम्यक आणि सून नीलम उलव्याला, सतराव्या मजल्यावर. जेवणाचा डबा आमच्या घरून जातो. चहा मात्र धोंडिराम स्वतःच्या हातानं करतो. म्हणजे करायचा.

गेल्या वर्षभरात त्यानं चहाचे तीन टोप जाळले.

पहिला टोप गेला तो माझ्या मामामुळे. हा मामा मगरीच्या पाठीवर बसून देवगडची खाडी ओलांडायचा आणि तालुक्याहून सातबारा घेऊन परत यायचा, परतीचं भाडं मगर घ्यायची नाही. दुसरा टोप गेला आमच्या गावच्या कोंबड्यापायी, जो आरवून नेमकी वेळ सांगायचा, आणि साडेबाराला अर्धाच आरवायचा. आणि तिसरा गेला कोल्ह्यात. कोल्ह्याचं पुढे येईलच.

तिसऱ्या टोपाचं हँडल वितळलं, जिन्यात धूर झाला, खालच्या मजल्यावरचे लोक बादल्या घेऊन वर आले. आणि त्याच वेळी, सीताफळांची पिशवी हातात घेऊन, न कळवता, नीलम जिना चढत होती. ती एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. आल्या आल्या तिनं गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, टोपाचा मोबाइलवर फोटो काढला आणि मग सासऱ्याकडे बघितलं.

"बाबा, तिसरी वेळ आहे."

धोंडिरामची मान खाली. आता माझं नाव घेतलं असतं तर सुटला असता. पण छत्तीस वर्षांत त्यानं कधी जोडीदाराचं नाव साहेबाला सांगितलं नव्हतं, ते त्या दिवशी कसं सांगणार?

म्हणून मीच पुढे झालो. "नीलम, तो विसरत नाही गं. चूक माझी आहे. मी त्याला दारात धरून ठेवतो. माझी गोष्ट चालू असली की माणसाला गॅसच काय, स्वतःचं आडनावही आठवत नाही."

"काका," ती म्हणाली, "बाबांना वाचवायला तुम्ही काहीही सांगाल. तुमच्या लग्नाला देवमासा आला होता, हे तुम्हीच सांगितलंत ना?"

"लग्नाला नव्हता. मांडवाबाहेर होता."

"झालं!"

तर असं. खरं बोलायची सवय नसली की ते कसं बोलावं, हेही कळत नाही.

त्याच दुपारी ठरलं. बाबांना उलव्याला न्यायचं. तिकडे इंडक्शन आहे, कामाला बाई आहे, खाली गार्डन आहे.

धोंडिरामनं एवढंच विचारलं, "गार्डनमध्ये कोण आहे?"

नीलम रागावून बोलली असती तर त्यानं ऐकलंच नसतं. पण ती डोळे पुसत बोलत होती, आणि रडणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे त्याला ठाऊक नाही. शेवटी सम्यकनं फोनवरून मध्यस्थी केली, आणि एका आठवड्याची मुदत मिळाली. गॅसचा रेग्युलेटर बंद. त्याऐवजी विजेची किटली, आणि कॉफी करायचं एक फ्रेंच प्रेस, जे नीलमला कंपनीच्या दिवाळीत मिळून तसंच खोक्यात पडलं होतं. पुढच्या रविवारी ती येणार. धोंडिरामनं एकट्यानं, छापील कागदावरच्या पायऱ्यांप्रमाणे, तिला कॉफी करून द्यायची. मध्येच विसरला, की चला. आणि हे नुसतं बोलणं नव्हतं, हे कळावं म्हणून तिनं त्याची बॅग भरून दाराजवळ उभी करून ठेवली. वरच्या कप्प्यात शकुवहिनींचा फोटो.

आठवडाभर ती बॅग आमच्याकडे बघत उभी होती.

सोमवारी खोकं उघडलं. काचेचं उभं भांडं, वर झाकण, झाकणातून जाणारा दांडा, दांड्याच्या टोकाला बारीक जाळी. धोंडिरामनं चष्मा पुसला, दांडा दोनदा वर-खाली केला आणि प्रेस शॉपमधल्या आवाजात म्हणाला, "साधा हँड प्रेस आहे रे नंद्या. स्ट्रोक पाच इंच." मग आतून व्हर्नियर आणून मोजला. चार पूर्णांक नऊ निघाला.

मला म्हणाला, "मागे हो. दोन्ही हात प्रेसवर पाहिजेत."

आमच्या शॉपमधला हा नियम. प्रेस खाली येताना माणसाचे दोन्ही हात बटणांवर, आणि मान वळवायची नाही. कोणी हाक मारली तरी नाही, कोणी लॉटरी लागल्याचं सांगितलं तरी नाही. ज्यांनी मान वळवली, त्यांना आम्ही पुढे डाव्या हातानं सही करायला शिकवलं.

कॉफी म्हणून आम्ही आधी आमच्या घरातली बाटलीतली पावडर टाकली. ती पाण्यात विरघळून गेली. धोंडिरामनं दोन्ही हातांनी, श्वास रोखून दाबलं, आणि खाली दाबायला काहीच नव्हतं. मंगळवारी दांडा करकरतो म्हणून त्यानं शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब दिला. त्या दिवशीच्या कॉफीत इंद्रधनुष्य होतं. बुधवारी मी घाटकोपरला जाऊन कॉफी दळून आणली. "किती बारीक?" असं दुकानदारानं विचारल्यावर "लापशी रव्याएवढी जाड," असं सांगितलं, कारण कागदावरचा शब्द मला वाचता आला नाही. तो म्हणाला, "बरोब्बर." आयुष्यात पहिल्यांदा मला अंदाजानं बरोबर आलं.

आता राहिली चार मिनिटं.

कागदावर लिहिलं होतं: गरम पाणी ओतल्यावर चार मिनिटं थांबावं, मग सावकाश दाबावं. कमी थांबलं तर पाणी, जास्त थांबलं तर काढा. आणि धोंडिरामची गाडी इथेच अडली. मोबाइलवर टायमर लावून दिला, तर तो वाजला की हा फोन कानाला लावून म्हणायचा, "जय भीम, कोण बोलतंय?" भिंतीवरच्या घड्याळाला सेकंदकाटा नाही. आणि हे दोन्ही असतं तरी उपयोग नव्हता, कारण त्या चार मिनिटांत मी दारात असायचो, आणि मी दारात असलो की बोलायचो.

"तुम्ही घरात ऱ्हवा मगे," आमची नलिनी म्हणाली. "एक आठवडो तोंड बंद ठेवलात तर काय मरणार नाय तुमी."

मी गुरुवारी तासभर गप्प राहून बघितलं. धोंडिरामच दार ठोठावत आला, मला बरं नाही की काय म्हणून, आणि तोवर तिकडे कॉफीचं डांबर झालं.

तेव्हा नलिनीनंच ती कल्पना काढली. विळीवर बांगडे साफ करता करता, मान वर न करता म्हणाली, "ज्या गजालीन तीन टोपां जाळल्यान, तीच गजाल घड्याळासारखी लावा. चार मिनिटांची एक गजाल करा. अमुक शब्द इलो, की भावजींनी दाबूचा. संपला."

धोंडिरामनं आणि मी एकमेकांकडे बघितलं. कारखान्यात भोंगा वाजला की आम्ही झोपेतसुद्धा उठून उभे राहायचो. फक्त भोंगा गोष्टीतला पाहिजे होता.

गोष्ट निवडली कोल्ह्याची. नलिनी मोबाइल घेऊन वेळ लावायला बसली. पहिल्या खेपेला माझा कोल्हा तेवीस मिनिटं चालला. तीही मी आटोपती घेतली म्हणून.

"कमी करा," नलिनी म्हणाली.

मी कोल्ह्याचं बालपण काढलं. सोळा मिनिटं.

"त्येका बायल कित्याक होई?"

कोल्हीण काढली. तिच्याबरोबर पिल्लं गेली, पिल्लांच्या शाळेचा सगळा प्रसंग गेला, ज्यावर लोकांनी मला टाळ्या दिल्या आहेत. अकरा मिनिटं. युनियनची सभा काढली. आठ. खाडीतली ती संध्याकाळ, ज्यात कोल्हा एकटाच बसून विचार करतो, ती काढताना माझा आवाज बसला. नलिनीनं पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, "अजून दोन मिनिटां हत."

शुक्रवारी रात्रीच्या जेवणाआधी कोल्हा चार मिनिटांवर आला. हाडं आणि कातडं. 'साहेबानं हार उचलला' ही चार मिनिटांची खूण. हार उचलला, की धोंडिरामनं दाबायचं.

पण पहिल्या दहा वेळा तो दाबायला विसरला, कारण तोंड उघडं ठेवून ऐकतच बसला. विसाव्या वेळेला हसला, पण दाबलं. तिसाव्या वेळेला हसला नाही. शनिवारी दुपारी, चाळीस-एक वेळा झाल्यावर, माझा कोल्हा ऐन रंगात असताना धोंडिरामनं जांभई दिली. आणि हार उचलताच, घड्याळाकडे न बघता, न चुकता, दांडा खाली गेला.

नलिनी म्हणाली, "झाला एकदाचा!"

झालं खरं. पण एवढ्या वर्षांत ह्या माणसानं माझ्यासमोर कधी जांभई दिली नव्हती. त्याला विक्रोळीत ठेवायचं म्हणून मी त्याला माझ्याच गोष्टीचा कंटाळा आणला. घरी येऊन मी गपचूप दोन बांगडे जास्त खाल्ले.

रविवारी दहाला दोघं आली. सम्यक सोफ्यावर बसला आणि मोबाइल काढला. नीलमनं कागद आणि पेन काढलं. मी माझ्या नेहमीच्या जागी, उंबऱ्याबाहेर.

"काका, मदत करायची नाही हां," नीलम म्हणाली.

"मी कुठे मदत करतोय? मी नुसता उभा आहे. बोलायला बंदी आहे का?"

"बोला की. तुम्ही न बोलता उभे राहिलात तर मलाच टेन्शन येईल."

धोंडिरामनं किटली लावली. नीलमनं कागदावर टिक केली. त्यानं तीन मोठे चमचे कॉफी मोजून घातली. टिक. किटली बंद झाल्यावर अर्धं मिनिट थांबला. टिक, आणि तिची भुवई जराशी वर गेली. मग ती म्हणाली, "बाबा, मला कोरी कॉफी झेपत नाही, ॲसिडिटी होते. दूध मी तापवते. तुम्ही गॅसला हात लावू नका, मी बघते." तिनं स्वतः रेग्युलेटर फिरवला, छोट्या टोपात दूध ओतलं, आच मोठी केली आणि ओट्याला टेकून आमच्याकडे तोंड करून उभी राहिली.

धोंडिरामनं पाणी ओतलं, झाकण ठेवलं, दोन्ही हात दांड्यावर ठेवले आणि माझ्याकडे बघितलं.

मी सुरू केलं. "एक्क्याऐंशी साल. कारखान्याच्या मागे खारफुटी, आणि खारफुटीत कोल्हे. त्यातला एक रोज पहिल्या पाळीला यायचा. कँटीनच्या मागे माशाची डोकी मिळायची म्हणून. पण स्वभावानं शिस्तीचा. सगळे लायनीत उभे, तर हाही लायनीत उभा."

"लायनीत?" नीलम हसली.

"मग! आणि लायन कशाची, तर कार्ड पंच करायची. ह्यानं चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी रॅकमधलं एक कार्ड दातात धरलं, घड्याळात सरकवलं. टिंग!"

"काहीतरीच!"

"आता कार्ड कोणाचं? टोकन नंबर चारशे सतरा. प्रीतम नावाच्या एका गड्याचं, जो शिमग्याला म्हणून गावी गेला होता तो आंबे उतरेपर्यंत आलाच नव्हता. इकडे त्याची हजेरी रोज लागतेय. सातच्या ठोक्याला टिंग, साडेतीनला टिंग. एक दिवस खाडा नाही, एक मिनिट उशीर नाही."

नीलमनं पेन ओट्यावर ठेवलं. "पण कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? सुपरवायझर नव्हता?"

"होता ना! त्यानं दोनदा बघितलं. पण कोल्हा कामात लुडबुड करत नव्हता, पुढे पुढे करत नव्हता, चहाला जास्त वेळ घेत नव्हता. सुपरवायझर म्हणाला, असा माणूस मला दहा वर्षांत मिळाला नाही."

आता ती हसता हसता ओट्यापासून दोन पावलं पुढे आली. दूध तिच्या पाठीमागे. मला उंबऱ्यावरून ते स्पष्ट दिसत होतं. कडेला बारीक बुडबुडे आले होते.

"वर्ष संपलं," मी म्हणालो. "हजेरीचं बक्षीस जाहीर झालं. संपूर्ण कारखान्यात पहिला नंबर, टोकन चारशे सतरा! प्रीतमला गावी तार गेली. तो घाबरून आला. त्याला वाटलं, कामावरून काढायला बोलावलंय. बघतो तर मांडव, सतरंज्या, माइक. त्याला धरून स्टेजवर बसवलं."

"अरे देवा!"

"आणि कोल्हा खाली पहिल्या रांगेत."

दुधावर साय आली आणि ती मधूनच फुगायला लागली. मी 'दूध' म्हटलं असतं तर गोष्ट तुटली असती, आणि गोष्ट तुटली असती तर धोंडिरामची खूण गेली असती. आणि बॅग दाराजवळ उभी होती. मी पुढे गेलो.

"साहेब उठले. भाषण केलं. म्हणाले, अशी माणसं कारखान्याचा कणा आहेत. टाळ्या पडल्या. आणि मग... साहेबानं हार उचलला."

धोंडिरामचे हात खाली जायला लागले. सावकाश, एकसारखे, मान सरळ.

"कोणाला घातला?" नीलम म्हणाली. "काका, कोणाला घातला?"

खरं तर गोष्ट इथे एका वाक्यात संपवायची ठरली होती. नलिनीनं मला तसं बजावलं होतं. पण आता दुसऱ्यांदा खरं सांगतो: मी ती लांबवली. काढलेलं सगळं परत घातलं.

"थांब, सांगतो. कारण त्या वेळी मांडवाच्या दारात कोण उभं होतं माहितेय? कोल्हीण. आणि तिच्याबरोबर..."

"पिल्लं?"

"तीन. नवीन कपडे घालून."

सोफ्यावरून सम्यकनंही मान वर केली होती. मोबाइल त्याच्या मांडीवर उलटा पडला होता. ही गोष्ट त्यानं लहानपणी ऐकली होती, पण तेव्हा पिल्लं दोनच होती.

आणि मग तो आवाज आला. फस्स्! मागोमाग तो वास, जो त्या घराला चांगला ओळखीचा होता.

नीलम जागच्या जागी वळली. दूध टोपातून बर्नरवर, बर्नरवरून ओट्यावर, ओट्यावरून फरशीवर पोचलं होतं. तिनं झडप घालून गॅस बंद केला. टोपाचा तळ चॉकलेटी झाला होता.

एवढा वेळ धोंडिरामनं मान वळवली नव्हती. दांडा तळाला टेकला, तेव्हा त्यानं हात सोडले आणि अगदी शांतपणे म्हणाला, "नीलम, दूध उतू गेलं बघ."

नीलम त्या टोपाकडे बघत राहिली. मग आपल्या टिक केलेल्या कागदाकडे. मग माझ्याकडे. मी जन्मात पहिल्यांदा गोष्ट अर्धी सोडून गप्प उभा होतो.

"काका, त्या दिवशी तुम्ही खरं बोलत होतात."

"हो गं."

"म्हणजे तिन्ही वेळेला?"

"मगर, कोंबडा आणि हाच कोल्हा."

ती पाटावर बसली, तशीच, दुधात पाय. "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं," ती म्हणाली. "गॅसपासून. आधी चहा, मग भाजी, मग माझं नाव. मला वाटलं, बाबांचंही..." ती रडली, पण मधूनच हसूही येत होतं.

धोंडिरामनं कपात कॉफी ओतली, गाळ न ढवळता, आणि तिच्यासमोर धरली. "फर्स्ट पीस. चेक करून घे."

आमच्याकडे कामाचा पहिला नग चेकरनं पास केल्याशिवाय दुसरा काढायचा नाही, अशी पद्धत होती. नीलमचा धंदाच तो. तिला सांगावं लागलं नाही. दूध नव्हतं, तरी तिनं कोराच घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला.

"पास," ती म्हणाली.

सम्यक उठला आणि दाराजवळची बॅग आत नेली. शकुवहिनींचा फोटो परत टीव्हीवर गेला. समोरून आलेल्या नलिनीनं अर्धा कप चाखून बघितला आणि सांगितलं की भाजलेले चिंचोके उकळले तर ह्याहून बरं लागेल; पण कप रिकामा करूनच ठेवला.

आता धोंडिरामच्या ओट्यावर एक छापील कागद चिकटवलेला आहे. नीलमनं तो ऑफिसमधून प्लास्टिकमध्ये घालून आणला. वर कंपनीसारखा नंबर, तारीख, तिची सही, आणि एकच ओळ: 'गॅस चालू असताना नंदकुमारकाकांना उंबऱ्यावर उभं राहू देऊ नये.' धोंडिराम तो पाळतो. गॅसवर काही असलं की माझ्या तोंडावर दार लावतो. काम झालं की उघडतो आणि म्हणतो, "हं, बोल." फक्त कोल्ह्याची गोष्ट सोडून.

परवा संध्याकाळी फोन वाजला. नीलमचा. आधी बाबांची चौकशी केली, मग नलिनीची, मग हवापाण्याची.

"काका, तो हार शेवटी कोणाच्या गळ्यात पडला?"

मी खुर्ची ओढून बसलो, घसा खाकरला. "त्याचं असं झालं..."

"थांबा, थांबा," ती म्हणाली. "गॅस बंद करून येते."